आधी टीएमसी, मग आराखडा: भीमा खोऱ्याच्या पाणीनियोजनात येऊ पाहणाऱ्यांना

सोलापुरात पाणीनियोजनाचं काम करताना दरवर्षी नवे विद्यार्थी भेटतात. कुणी सिव्हिलचे, कुणी भूगोलाचे, कुणी कृषी अभियांत्रिकीचे. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकू? क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे आणि कामाला येतंच. पण त्याआधी पाण्याचा हिशेब तोंडी जमायला हवा. खोऱ्यातली भांडणं या हिशेबावरून होतात आणि मिटली तर त्याच्याच आधाराने मिटतात.

सुरुवात भीमेवरच्या उजनी धरणापासून करा. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा 53.57 आणि मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराखाली राहणारं पाणी, 63.66. म्हणजे मृतसाठाच जास्त. पेपरात येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेली होती. गणित करून बघा: मृतसाठ्यातलं 32 टीएमसी गेलं, साडेएकतीस उरलं. ते उरलेलं पाणी कालव्यात आपोआप येत नाही आणि शहराच्या जलवाहिनीसाठी दुबार पंपिंग, म्हणजे दोनदा उपसा, करावं लागतं. हा फरक ज्याला समजावून सांगता येतो, त्याचं गावच्या बैठकीत लोक ऐकतात.

दुसरं गणित विसर्गाचं. 11,574 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी अखंड 24 तास वाहिलं की 1 टीएमसी होतं. उजनीच्या वर दौंडला नदीचा प्रवाह मोजतात, म्हणून पावसाळ्यात आपल्याकडे जो तो विचारतो, "दौंडला किती सुरू आहे?" दौंडला दिवसभर 50,000 क्युसेक असेल तर उजनीत सव्वाचार टीएमसीहून थोडं जास्त येणार. हे मनातल्या मनात करायची सवय लावा.

मग नकाशा उघडा आणि नदीच्या उलट दिशेने वर जा. सोलापूरचा पाऊस जेमतेम 550 मिलिमीटरचा, उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. वाटेत खडकवासला साखळी, पवना, चासकमान, घोड ही धरणं आहेत. पुण्या-पिंपरीचं सांडपाणीही याच वाटेने येतं. मुळशीसारख्या टाटांच्या धरणांचं पाणी तर वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात उतरतं. पाणलोट भीमेचा, पाणी मात्र भीमेला नाही. खोऱ्याचा आराखडा लिहायला बसलं की हा मुद्दा टाळता येत नाही, टाळूही नये.

खाली गेलात की नरसिंहपूरला नीरा मिळते, हत्तरसंग-कुडलला सीना मिळते, मग काही अंतर भीमाच दोन राज्यांची हद्द होते आणि शेवटी कर्नाटकात रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते. म्हणून राज्यांना पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादांचे निवाडे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यातल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी दिलं ते 75 टक्के विश्वासार्हता धरून. चार वर्षांपैकी तीन वर्षं तेवढं पाणी मिळेल, असा त्याचा साधा अर्थ. माझं ठाम मत आहे की आराखडा त्या चौथ्या वर्षासाठी करायचा असतो. सरासरी वर्षाचा आराखडा दुष्काळात कुणी उघडूनही बघत नाही.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा मुळातून वाचा, विशेषतः कलम 12(6)(ग). टंचाईत एका खोऱ्यातल्या किंवा उपखोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या वापरायोग्य पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी राहावी, असं ते सांगतं. वरच्यांनी आणि खालच्यांनी तूट वाटून घ्यायची, हे तत्त्व तिथे कायद्यात बसवलेलं आहे. अंमल हा वेगळा लढा.

आता नदीवर या. सोलापूर शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळतं: उजनीची थेट जलवाहिनी, हिप्परगा तलाव आणि टाकळीची योजना. टाकळीसाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात. ते पंढरपूर, मंगळवेढा ओलांडून औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत पोचतं तोवर शहर जेवढं वापरणार त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागलेलं असतं. पात्रात मुरतं, उन्हात उडतं, मोटारी ओढतात. त्या काळात नदीकाठची वीज काही तासांवर आणतात. अशाच एका आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीत, मी दक्षिण सोलापूरच्या काठाने फिरत होते. पात्रात उतरलेल्या पाइपांच्या रांगा, काठावर पत्र्याच्या पेट्यांत स्टार्टर आणि लाइट कधी येतेय म्हणून पेटीशेजारी बसलेला शेतकरी. म्हणाला, "ताई, शहराला पाणी द्या, आमचं नाही म्हणणं नाही. पण आमच्या वाट्याचं किती, ते आधी सांगा की." त्याचा प्रश्न रास्त होता. नदीतून सोडलेल्या पाण्यात काठच्या गावांचा वाटा कागदावर धरायला हवा. तो न धरता सगळ्याला चोरी आणि गळती म्हणणारा आराखडा खोटा ठरतो.

कालव्यावरही तेच. नमुना नंबर 7 चे पाणीअर्ज बघा, मग उपग्रहाच्या चित्रात उभा ऊस बघा. नोंदवलेला ऊस आणि उभा ऊस यांतलं अंतर जिथे मोठं, तिथे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, हे फिरल्यावर कळतंच. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी बोला. कुठली चारी (कालव्याची छोटी शाखा) फुटलीय, कुठल्या दाराला कुलूप राहत नाही, हे त्याला अहवालाआधी माहीत असतं.

शिक्षणाचं म्हणाल तर पदवी कुठलीही चालते, पण भूजल टाळू नका. आपल्या काळ्या कातळात विहीर आणि कालवा यांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला असतो. छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था), सोलापूरपासून जवळ तुळजापूरचं टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही शिकण्याची ठिकाणं आहेत. नोकऱ्या जलसंपदा विभागात, सल्लागार संस्थांमध्ये आणि पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांमध्ये मिळतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पहिल्या कामासाठी अख्खं खोरं घेऊ नका, एक चारी घ्या. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मिळवा, रब्बीचं आवर्तन सुटलं की शेवटच्या दारावर जाऊन उभे राहा आणि पाणी कोणत्या दिवशी, किती खोल आलं ते वहीत लिहा. मग तीच वही घेऊन वरच्या गावात जा.