चेनसॉला धार लावायची ती बोथट व्हायच्या आधी

कापताना खाली काय पडतंय तिकडे बघत जा. चेनला धार असली की जाड्या पोह्यांसारखे सपाट तुकडे पडतात आणि मशीन आपल्या वजनानंच लाकडात उतरतं. पीठ पडायला लागलं की समजा, दात कापत नाहीत, नुसते घासतायत. मग माणूस वरून जोर लावतो, जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी तापते, धूर निघतो आणि शेवटी "मशीनमध्ये दमच नाही" असं म्हणून मोकळा होतो. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

आमची सिमरोलच्या अलीकडे आंब्याची बाग आहे, थोडे चिकू आहेत. घर इंदूरला, रामबागेत. फळ उतरलं की छाटणी, त्याआधी मे महिन्यातल्या वावटळीत मोडलेल्या फांद्या, आणि बांधावरची बाभूळ-सुबाभूळ तर वर्षभर पुरते. मशीनं दोन: एक छोटं 16 इंची पट्टीचं, दुसरं 58 सीसीचं, 20 इंची पट्टीचं. चालवतात माळीदादा, धार लावते मी. बाजारात ग्राइंडरवर धार लावून मिळते आणि फार महागही नसते, पण एकदा तिथून आलेल्या चेनचे दात टोकाशी निळे पडले होते. निळा दात म्हणजे पोलाद नको इतकं तापलं, दाताचं पाणी उतरलं. अशी धार पहिल्याच ओंडक्यात बसते. ग्राइंडर वाईट असतो असं नाही, त्यावरचा घाईचा हात वाईट. कानशीनं दात तापत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

कानस मात्र चेनच्या मापाचीच हवी. चेनवरचे सलग तीन रिव्हेट घ्या, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा. तो झाला पिच. छोट्या मशीनवर बहुधा 3/8 इंच लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची चेन असते, तिला 4 मिलिमीटरची गोल कानस चालते. 58 सीसीच्या मशीनांवर सहसा 0.325 इंच पिच असतो, त्याला 4.8 मिलिमीटर. मोठी 3/8 असेल तर कंपनीप्रमाणे 5.2 किंवा 5.5. इंदूरच्या सियागंज बाजारात नुसती "गोल रेती" (हिंदीत कानशीला रेती म्हणतात) मागितलीत तर टोकाकडे निमुळती होत जाणारी साधी कानस हातात ठेवतील. ती नको. चेनसॉची कानस या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची असते. सोबत एक चपटी कानस आणि डेप्थ गेजची पत्र्याची पट्टी घ्या, ती कशाला ते पुढे येईलच. कानशीला धरायचा मार्गदर्शक साचाही मिळतो, त्यावर कोनाच्या रेघा असतात. सुरुवातीला तो घ्याच.

आता काम. मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, बॅटरीचं असेल तर बॅटरी बाहेर. चेन न फिरवताही बोट कापू शकते, म्हणून डाव्या हातात जाड हातमोजा. आधी चेन पुसून घ्या. आंब्याचा चीक आणि तेलात भिजलेला भुसा यांचा जो लगदा होतो तो कानशीच्या खाचांत भरतो आणि मग कानस नुसती सरकते. डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश आणि जुनं फडकं पुरेसं आहे.

पट्टी घट्ट धरलेली पाहिजे. घरी ओट्याला लावलेला शिकंजा आहे. बागेत असले तर एखाद्या बुंध्यात मशीननंच चार बोटं खोल खाच पाडून घेते, पट्टी त्यात उभी बसवते आणि बाजूनं लाकडाची पाचर ठोकते. धार लावण्यापुरती चेन नेहमीपेक्षा जरा जास्त ताणून घ्यायची, म्हणजे दात कानशीखाली डुलत नाहीत. काम झाल्यावर ताण परत सैल करायला विसरू नका.

चेनवर एक दात डावा, एक उजवा असे असतात. आमच्या 20 इंची चेनवर 76 ड्राइव्ह लिंक (पट्टीच्या खाचेत धावणाऱ्या कड्या) आहेत, दोन लिंकमागे एक दात, म्हणजे 38 दात, एका बाजूला 19. पहिल्या दातावर मार्करनं खूण करा, नाहीतर कुठून निघालो ते कळत नाही. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. पुढे-मागे घासू नका, परतीच्या घासण्यानं दाताला काही मिळत नाही, कानशीचे दात मात्र मरतात. कानस आडवी सपाट, आणि तिच्या जाडीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर. खूप खाली गेली तर दाताला आकडा येतो: पहिले दोन ओंडके झकास कापतो आणि मग एकदम बसतो. खूप वर राहिली तर कड मागे कलते, लाकूड पकडतच नाही. कोन बहुतेक चेनना 30 अंश. पुष्कळ चेनच्या दातांवर माथ्याला एक तिरपी रेघ कोरलेली असते, कानस तिला समांतर ठेवली की कोन आपोआप जमतो. चालवताना कानस बोटांत थोडी थोडी फिरवत राहा, नाहीतर एकाच बाजूनं झिजते.

एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू. इथेच उजव्या हाताच्या माणसाची फसगत होते. एका बाजूला हात जोरात चालतो, दुसऱ्या बाजूला अवघडतो, आणि घाव मोजून सारखे घातले तरी दात सारखे होत नाहीत. परिणाम लाकडात दिसतो: काप सरळ न जाता एका अंगाला वळतो आणि पट्टी अडकते. म्हणून घाव मोजण्यापेक्षा दाताची लांबी मोजा. सगळ्यात आखूड दात शोधा, बाकीचे त्याच्या मापाला आणा. वाया गेल्यासारखं वाटतं खरं, पण एक लांब दात असला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि उरलेले 37 आरामात बसतात.

धार लागली की नाही ते अंगठ्यानं नाही, डोळ्यांनी तपासायचं. सकाळच्या उन्हात दाताची कड समोर धरा. कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर तिथे अजून धार नाही. बोथट कड उजेड परत फेकते, धारदार कडेला उजेड पडायला जागाच नसते. दगड लागून दाताच्या माथ्यावरचा क्रोमचा पातळ थर उडाला असेल, तर तो भाग पूर्ण निघेपर्यंत कानस चालवावी लागते. धार खरी त्या थरालाच धरते. दात लहान होईल म्हणून मध्येच थांबलात तर केलेलं सगळं फुकट.

यानंतर लोक कानस ठेवून देतात, आणि अर्धं काम तिथेच राहतं. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, तो डेप्थ गेज. दात एका फेरीत किती खोल चावणार हे तो ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे कानस चालवत गेलं की दात मागे सरतो आणि बुटकाही होतो. गेज मात्र तेवढाच उंच राहतो. मग होतं असं, की धार उत्तम आहे आणि तरी पीठच पडतंय, कारण गेज दाताला लाकडापर्यंत पोचूच देत नाही. तीन-चार वेळा धार लावून झाली की पत्र्याची पट्टी दातांवर ठेवा, तिच्या खाचेतून गेज वर डोकावला तर तेवढाच भाग चपट्या कानशीनं काढा. माझ्या दोन्ही चेनना फरक 0.65 मिलिमीटरचा. शेवटी गेजचं पुढचं टोक गोलसर करायचं.

माळीदादा दरवर्षी एकदा म्हणतात, "वहिनी, ते पुढचं अजून जरा घासा की, जास्त चावेल." चावेल, पण मशीनला आणि त्यांना. गेज फार खाली गेला की दात एवढा मोठा घास घेतो, की इंजिनाला ओढवत नाही, चेन झटके देते, आणि पट्टीच्या नाकाचा, म्हणजे टोकाचा, वरचा भाग फांदीला लागला तर मशीन उलटं चेहऱ्याकडे उसळतं. छाटणी करताना नाक कुठे लागेल याचा नेम नसतो. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

किती वेळा धार लावायची? मी प्रत्येक टाकीला लावते. पेट्रोल भरायला थांबलोच आहोत, इंजिन थोडं निवतंय, तेवढ्यात प्रत्येक दाताला दोन घाव. यात दात नखभरही झिजत नाही. बोथट होईपर्यंत वाट बघितली तर प्रत्येक दाताला दहा-बारा घाव घालावे लागतात, हात दमतो, कोन बिघडतो आणि चेनचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच.

चेन बोथट करतं ते मुख्यतः लाकूड नाही, माती. आमच्याकडची काळी माती पावसात सालीला चिकटते आणि वाळली की तिच्यातली बारीक खडी दातांना खाते. पडलेलं खोड आधी तारेच्या ब्रशनं झाडा, खाली लाकूड घालून जमिनीपासून उचला. पट्टीचं टोक क्षणभर जमिनीला टेकलं तरी सकाळची धार गेली. शहरातल्या झाडांत खिळे असतात, तारा असतात, कुणी कधी दिवे बांधले त्याचे हूक असतात. साल फुगलेली दिसली की तिथून काप घेऊ नका. (आणि इंदुरात घराच्या आवारातलं झाड असलं तरी ते तोडायला 2001 च्या मध्य प्रदेशच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.) वाळक्या बाभळीला आणि धुळीच्या कामाला गोलसर कोपऱ्याचे, सेमी-चिझल दात बरे. टोकदार चौकोनी कोपऱ्याचे फुल-चिझल दात ताज्या स्वच्छ लाकडात वेगानं पळतात, पण धुळीत लवकर बसतात.

तेलाबद्दल. जळालेलं इंजिन ऑइल घालू नका. त्यात धातूचा चुरा असतो, चिकटपणा नसतो, चेनवरून उडून जातं, आणि बागेत तर ते थेट मातीतच पडतं. माळव्यात राहून सोयाबीनचं तेल घालायचा सल्ला मिळणारच. चालतं, पण काम संपवून मशीन महिनाभर ठेवलं तर ते चिकटून डिंकासारखं होतं आणि चेन जाम होते. चेनचं तेल विकत मिळतं, तेच घ्या. ते पोचतंय का ते बघायला पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरून जरा वेगानं चालवा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नसेल तर पट्टीवरचं तेलाचं भोक आणि खाच कोरून साफ करा. पट्टी प्रत्येक वेळी उलटी करून बसवा, म्हणजे एकच कड झिजत नाही. कडेला आलेली कुसं चपट्या कानशीनं काढा.

ताण गार चेनवर बघायचा: खालच्या बाजूला चेन पट्टीला लागलेली असावी आणि ब्रेक सोडून हातानं ओढली तर सरकावी. तापल्यावर चेन लांबते, मग आपण ती ताणतो. काम संपलं की ती सैल करूनच ठेवा, कारण गार होताना ती आकसते आणि क्रँकशाफ्ट-बेअरिंगवर भार येतो.

दाताची लांबी 4 मिलिमीटरवर आली की चेन भंगारात. नवी आणायला जाताना दुकानदार मशीनचं मॉडेल विचारेल, पण त्या 58 सीसीच्या मशीनांत एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या पट्ट्या येतात. पिच, ड्राइव्ह लिंकची जाडी आणि लिंकची संख्या हे तीन आकडे पुष्कळदा पट्टीच्या बुडाशी कोरलेले असतात. ते लिहून न्या, नसले तर जुनी चेनच पिशवीत टाका. स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, चेननं पाडलेल्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहून खोल असतील तर तोही त्याच फेरीत बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती पहिल्याच हंगामात जुनी होते.