लोकसहभागाची सुरुवात स्वतःच्या कार्यालयापासून कशी करावी

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात लोकसहभागाने काम करू इच्छिणाऱ्या संस्थेने पाड्यावर जाण्याआधी स्वतःची मासिक बैठक तपासावी. तिथे कोण बोलते, कोण केवळ टिपून घेते आणि एखादा कार्यकर्ता ‘हे आमच्या गावात चालणार नाही’ म्हणाला तर पुढे काय होते, याची नोंद ठेवावी. वरिष्ठांपुढे ज्याला तोंड उघडता येत नाही, तो गावात लोकांना बोलते करू शकत नाही. वरून आलेला आराखडा तो तसाच पुढे सरकवतो आणि गावकऱ्यांसोबतची शिवारफेरी, त्यांच्याकडून काढून घेतलेला गावनकाशा हे त्याच्यासाठी उरकण्याचे विधी होतात.

मी ज्या संस्थेत होतो तिथे हेच घडले. बायकांनी रांगोळीने काढलेल्या नकाशात पिण्याच्या पाण्याचा झरा मधोमध होता आणि आम्ही मात्र शेततळी मंजूर करून आणली होती. आमच्या कार्यकर्तीने झऱ्याचे सांगितले, परंतु अहवालात त्यासाठी रकानाच नव्हता. त्याची बोच मला आजही आहे. म्हणून ‘लोकांनी काय नाकारले आणि त्यामुळे आपण काय बदलले’ हा रकाना अहवालात सर्वांत वर ठेवावा, आणि तो सलग दोन महिने कोरा राहिला तर बैठकीची सुरुवात त्याच विषयाने करावी. कोरा रकाना सोडणाऱ्याला मात्र रागावू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात तो खोटा भरला जाईल.

बैठकांची वेळ हंगामानुसार ठरवावी. दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत जानेवारीत सभा घेतली तर बहुधा म्हातारी माणसेच भेटतात. देणगीदाराशी करार करतानाच हे मांडावे.

संस्थेने आपली वेगळी समितीही उभारू नये. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. विषय तिच्यापुढेच न्यावा आणि तिने नकार दिला तर थांबण्याची मुभा कार्यकर्त्याला लेखी द्यावी.

अधिकार सोडणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर कार्यकर्त्यांना दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरण प्रकल्पावरील पाणी वापर संस्थांकडे, म्हणजे सिंचनाचे पाणी स्वतः वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांकडे न्यावे. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणाऱ्या २००५ च्या राज्य कायद्याने अशा संस्थांना पाणी मोजून दिले जाते आणि कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी ठरवतात. तिथल्या पदाधिकाऱ्यांना पाणीवाटपाचे नियम कसे ठरले आणि भांडणे कशी मिटली, हे विचारावे. परतल्यावर आपल्या खर्चातील कोणता भाग कार्यकर्ता आणि ग्रामसभा मिळून मुख्यालयाला न विचारता ठरवतील, त्याची रक्कम इतिवृत्तात लिहावी आणि ते इतिवृत्त पाड्यावर तिथल्या बोलीत वाचून दाखवावे.