डिजिटल पियानो कॉम्प्युटरला जोडून ग्रँड पियानोचा आवाज कसा मिळवावा

बडोद्याच्या मराठी घरांत पेटी नवी नाही. सुरसागरासमोरची गायनशाळा सयाजीराव महाराजांनी १८८६ साली सुरू केली आणि गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवली. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी कुटुंबांत तेव्हापासून सूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आता त्याच घरांत पेटीशेजारी डिजिटल पियानो येतो आहे. थोडा हात बसला की मुलं म्हणू लागतात, आवाज पातळ वाटतो, मोठा पियानो घेऊ या. पालकांना माझं सांगणं असं: लगेच घेऊ नका. पट्ट्या ८८ असतील आणि त्यांना बऱ्यापैकी वजन असेल, तर वाद्य चांगलं आहे. आवाज तेवढा कॉम्प्युटरमधून घ्या.

केबल

पियानोच्या मागे ‘यूएसबी टू होस्ट’ लिहिलेलं चौकोनी तोंडाचं भोक शोधा. त्याला प्रिंटरची केबल लागते. रावपुऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ‘प्रिंटरनो केबल आपजो’ म्हटलं की दुकानदार बरोबर तीच काढून देतो. लांबी तीन मीटरच्या आत ठेवा. शेजारी ‘टू डिव्हाइस’ असं चपटं भोक असेल तर ते पेनड्राइव्हसाठी आहे, कॉम्प्युटर तिथे जोडायचा नाही. नव्या पियानोला टाइप-सी असेल तर केबल डेटा नेणारी हवी. मोबाइलबरोबर आलेल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आणि त्यांनी जोडलं तर कॉम्प्युटरला पियानो दिसतच नाही.

जुन्या पियानोला यूएसबी नसेल, पण पाच पिनांची गोल मिडी भोकं (मिडी म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातली संदेशांची भाषा) असतील, तर त्यांना कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारा यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या. पियानोचं ‘आउट’ इंटरफेसच्या ‘इन’मध्ये जातं. काही इंटरफेसच्या वायरीवर ‘टू आउट’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती वायर पियानोच्या आउटला लावायची.

या केबलीतून मिडी जातं, आवाज नव्हे. १९८३ साली ठरलेली ही भाषा एवढंच सांगते की कुठली पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली आणि पेडलवर पाय आहे की नाही. काही पियानो त्याच केबलीतून आवाजही नेतात, पण आपल्या कामाला त्याची गरज नाही.

सॉफ्टवेअर

पहिल्या दिवशी पैसे खर्च करू नका. ‘सॅलामँडर ग्रँड पियानो’ हा यामाहा सी-५ या खऱ्या ग्रँड पियानोवरून ध्वनिमुद्रित केलेला संच मोफत मिळतो. हळू ते जोरात असे आघाताचे १६ थर त्यात आहेत. तो वाजवायला ‘स्फोर्झांडो’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मॅक असेल तर गॅरेजबँडमध्ये पियानो तयारच असतो.

विकतची सॉफ्टवेअरं दोन जातींची. ध्वनिमुद्रणावर चालणारी बरीच जागा खातात, मोठे संच कित्येक जीबींचे असतात आणि त्यांना एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, हवीच. ‘पियानोटेक’ तारेचं कंपन गणिताने जागच्या जागी घडवतं, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. त्याची चाचणी आवृत्ती एका वेळी २० मिनिटं चालते आणि काही पट्ट्या मुक्या ठेवते. तेवढ्यात आपल्या लॅपटॉपला ते झेपतं का, हे नीट कळतं.

सॉफ्टवेअर उघडा, सेटिंग्जमध्ये मिडी इनपुट म्हणून आपला पियानो निवडा आणि एक पट्टी दाबा. काहीच ऐकू आलं नाही, तर आधी बाकीची संगीताची सॉफ्टवेअरं बंद करा. विंडोजवर एक मिडी दार बऱ्याचदा एकाच सॉफ्टवेअरला उघडता येतं.

उशीर काढणं

बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात, म्हणून या पायरीला हवा तेवढा वेळ द्या. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला की ताल हातातून निसटतो. मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि ते फार वाईट.

विंडोजवर साध्या ऑडिओ ड्रायव्हरऐवजी आसिओ (ASIO) ड्रायव्हर निवडा; तो आवाज कमी उशिराने बाहेर काढतो. बाहेरचं ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारी वेगळी पेटी) असेल तर त्याचा स्वतःचा, नाहीतर मोफत मिळणारा ‘आसिओ फोर ऑल’. मॅकवर हे काम कोअर ऑडिओ आपणहून करतं. मग बफर बघा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर त्याचे किती तुकडे (सॅम्पल) साठवतो ते. ४४,१०० हर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज चार मीटर जातो, म्हणजे पियानो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून वाजवल्यासारखं होतं. २५६ वर सहा, १२८ वर तीन मिलिसेकंद. ड्रायव्हरचा स्वतःचा उशीर यात आणखी मिळतो. २५६ पासून सुरू करा आणि खाली या. आवाज तडतडू लागला की एक पायरी वर जाऊन थांबा.

ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत. त्यांचा उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि बफर कितीही कमी केला तरी तो हटत नाही. वायरचा हेडफोन लॅपटॉपला लावा. लॅपटॉप चार्जरवर ठेवून पॉवर मोड पूर्ण क्षमतेवर करा. चार्जर लावल्यावर हेडफोनात घूं असा आवाज आला तर दुसऱ्या सॉकेटमधून लावून बघा. अर्थिंगची पिन मात्र कधीही मोडू नका.

दोन पियानो एकदम वाजताहेत असं वाटलं, तर पियानोचा आतला आवाजही चालू आहे. त्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, किंवा मेनूत ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी असलेला जोड, बंद करा. केबल काढल्यावर पियानो मुका झाला, तर हीच सेटिंग परत चालू करायची.

हाताशी जुळवणं

पेटीवर शिकलेल्या हातांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यातून येतो. उजवा हात पट्टी हळू दाबो की जोरात, सूर तेवढाच येतो. त्यामुळे तो हात सगळ्या पट्ट्या सारख्याच दाबतो, आणि पियानोवर सगळंच एका पातळीवर, बहुधा जोरात वाजतं.

पट्टी किती वेगाने दाबली, हे मिडी १ ते १२७ या आकड्यांत सांगतं. आघाताचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये दिसत असेल तर मधला सा दाबत राहा, अगदी हलक्यापासून पूर्ण जोरापर्यंत. हलक्या हाताला आकडा २० ते ३० पर्यंत उतरायला हवा आणि जोरात दाबल्यावर ११० च्या पुढे जायला हवा. हलका दाब देऊनही ७० च्या खाली येत नसेल, तर सॉफ्टवेअरमधली ‘व्हेलॉसिटी कर्व्ह’, म्हणजे दाबाच्या वेगाला किती आकडा द्यायचा हे ठरवणारी रेषा, खाली वाकवा. पूर्ण जोर लावूनही ९० वरच अडत असेल तर वर वाकवा. हे जमलं की सॅलामँडरचे मऊ थर प्रथमच ऐकू येतात. आवाज पातळ वाटण्याचं कारण बऱ्याच घरांत हेच असतं.

पियानो चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. काही पियानो त्याच क्षणी पेडलची स्थिती ठरवतात, आणि पाय असेल तर पेडल उलटा वागू लागतो.

गाण्याला साथ करणाऱ्यांसाठी अजून एक सोय आहे. पियानोच्या समान स्वरांतरांत शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तंबोऱ्याशी जुळणारा गंधार सुमारे ३८६ वर. हे १४ सेंट गाणाऱ्याला खुपतात. काही सॉफ्टवेअरं ‘स्काला’ फाइल (स्वरांची अंतरं लिहिलेली फाइल) उघडून प्रत्येक स्वर वेगळा लावू देतात. तिथे सा कुठला, काळी एक की पांढरी चार, ते आधी सांगावं लागतं. गायक बदलला आणि सा सरकला की ही सेटिंगही त्याबरोबर सरकवा, नाहीतर शुद्ध केलेला गंधार भलत्याच स्वरावर जाऊन बसेल.