प्रश्नावलीवर संशोधन करताय? या चुका टाळा

मानसशास्त्राचे विद्यार्थी प्रबंधाचा मसुदा घेऊन येतात, तेव्हा त्यातले निष्कर्ष मी शेवटी वाचते. आधी मागते ती एक्सेलची मूळ फाइल, म्हणजे कोणी कोणत्या विधानाला काय उत्तर दिलं ते. बहुतेक घोळ तिथेच सापडतो, आणि दरवर्षी तोच सापडतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे उलट गुणांकन विसरणं, म्हणजे उलट्या अर्थाच्या विधानांचे गुण फिरवून (४चा १, १चा ४) न मोजणं. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची आत्मसन्मान मापनी घ्या. त्यात दहा विधानं आहेत, पाच सरळ आणि पाच उलटी. मी स्वतःवर समाधानी आहे अशा अर्थाचं विधान सरळ, आणि मी काही कामाचा नाही असं कधीकधी वाटतं अशा अर्थाचं उलटं. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण धरले आणि उलट्या विधानांचे गुण फिरवलेच नाहीत तर काय होतं, ते कागदावर करून बघा. स्वतःबद्दल उत्तम मत असलेल्या माणसाचे सरळ विधानांवर २० आणि उलट्यांवर ५, एकूण २५. स्वतःला कवडीमोल समजणाऱ्याचे ५ आणि २०, म्हणजे तेही २५च. यायला हवे होते एकाचे ४० आणि दुसऱ्याचे १०.

एक विद्यार्थिनी सबमिशन तोंडावर आलेलं असताना माझ्याकडे आली. आत्मसन्मान आणि परीक्षेची चिंता यांचा काहीच संबंध नाही, असा तिचा निष्कर्ष होता, आणि तो का नसावा यावर तिने अख्खं प्रकरण लिहिलं होतं. फाइल उघडली तर बेरजेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २४, २५, २६. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढला होता का, असं विचारलं. काढला होता, उणे आला होता. आकडेमोड करून देणाऱ्याने सल्ला दिला होता की मूळ मापनीची विश्वसनीयता चांगलीच आहे, तीच लिहून टाक. पाच रकान्यांत ‘५ वजा दिलेले गुण’ एवढं सूत्र घातल्यावर अल्फा ठीक आला आणि आत्मसन्मान जास्त तिथे चिंता कमी हा संबंधही स्पष्ट दिसला. ते प्रकरण मुळापासून पुन्हा लिहावं लागलं. मुलगी मेहनती होती. राग मला त्या सल्ल्याचा येतो. अल्फा उणे येणं हा धोक्याचा इशारा असतो, आणि पुढे जायची घाई असलेला माणूस नेमका तोच झाकून ठेवतो.

माझी सवय सांगते. फॉर्म कोणालाही पाठवण्याआधी मी तो दोनदा स्वतः भरते, एकदा आत्मविश्वासाने ओसंडणारा माणूस होऊन आणि एकदा अगदी खचलेला. दोन्ही बेरजा दोन टोकांना गेल्या नाहीत तर फॉर्म पुढे जात नाही. आणि अल्फा लिहायचा तो आपल्या नमुन्याचा. मूळ लेखकांचा आकडा तुमच्या लोकांबद्दल काहीही सांगत नाही.

दुसरी चूक घाईतूनच येते. आधी डेटा गोळा करायचा, सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, जिथे पी-मूल्य (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) ०.०५पेक्षा कमी, म्हणजे निकाल ‘सार्थक’ दिसेल, ते उचलायचं आणि तेच आपलं गृहीतक होतं असं लिहायचं. मुळात काहीच फरक नसताना एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या लावल्या, तरी निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी २०११ मध्ये अशाच सोयीच्या विश्लेषणाने एक विशिष्ट गाणं ऐकल्यावर माणसाचं वय कमी होतं, असं आकड्यांत ‘सिद्ध’ करून दाखवलं होतं. हा खेळ किती महागात पडू शकतो हे २०१५ मध्ये दिसलं. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम एक तृतीयांशांहून थोड्या जास्त अभ्यासांत सार्थक निकाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ सार्थक होते. छोटे नमुनेही त्याला कारणीभूत होतेच.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी पहिलं उत्तर यायच्या आत गृहीतकं आणि लावायच्या चाचण्यांची यादी मला ईमेल करायची, असा नियम आहे. नंतर काही वेगळं सापडलं तर जरूर लिहा, पण वेगळ्या मथळ्याखाली. पुष्कळांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘तुम्हाला राग आणि चिंता येते का?’ हे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करा. भाषांतरित मापनी दुसऱ्याकडून मूळ भाषेत परत आणून ताडून बघा. ओळखीच्या ग्रुपांवर फॉर्म फिरवून ८० उत्तरं मिळाली असतील, तर निष्कर्षात ‘आजची तरुण पिढी’ लिहू नका. सहसंबंध दिसला की ‘मुळे’ हा प्रत्यय लगेच जोडू नका.

एका बाबतीत मात्र मी अजिबात सूट देत नाही. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. विद्यार्थी तो निनावी गूगल फॉर्ममध्ये घालतात आणि उत्तरं महिन्याने उघडतात. कोणीतरी ‘जवळजवळ रोज’ असं लिहून गेलेलं असतं आणि ते कोण, हे कोणालाच कळत नाही. उत्तरं रोज बघणारं आणि गरज पडल्यास त्या व्यक्तीपर्यंत पोहोचणारं माणूस नेमता येत नसेल, तर तो प्रश्न विचारू नका. तो वगळलेली पीएचक्यू-८ ही आठ प्रश्नांची आवृत्ती उपलब्ध आहे. ती वापरा.