पहिली क्रूझ आणि जेवणाची पंगत: या चुका टाळा

सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला आम्ही नऊजण निघालो होतो. माझे आईबाबा, सासूबाई, नणंद आणि तिचे यजमान, आम्ही दोघं आणि दोन मुलं. चार केबिन होत्या. ऑफर जसजशी मिळाली तसतशी दोन केबिन आधी घेतल्या, दोन नंतर, म्हणजे बुकिंग नंबर दोन झाले. पहिल्या संध्याकाळी जहाजानं दिलेल्या कार्डावरची टेबलं पाहिली तेव्हा कळलं की सासूबाई आणि नणंदेचं कुटुंब साडेपाचच्या पंगतीला आणि बाकीचे सव्वाआठच्या.

सासूबाई इन्सुलिन घेतात. जेवण साडेपाचला म्हणून त्यांनी पाचला इन्सुलिन घेतलं. दुपारी बुफेत दीड वाजता जेवण झालेलं होतं, भूक नव्हती, सूपचे चार चमचे घेऊन त्या उठल्या. सातच्या सुमारास केबिनमध्ये त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर खाली आली होती. पर्समध्ये ग्लुकोजची पावडर होती म्हणून निभावलं, पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही, आणि पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी जेवणाबद्दलच विचारते. केबिनला बाल्कनी घ्यायची की नाही यावर घरात महिनाभर चर्चा होते. जेवणाच्या वेळेचा रकाना मात्र एजंट स्वतःच भरून टाकतो.

जेवणाची वेळ बुकिंगच्या दिवशी न ठरवणं

जहाजावर खाण्याच्या जागा साधारण तीन प्रकारच्या असतात. एक मुख्य भोजनगृह, जिथे वेटर वाढतो आणि मेन्यू रोज बदलतो. दुसरा बुफे, बहुतेक जहाजांवर वरच्या डेकवर. या दोन्हींचे पैसे तिकिटात आलेले असतात. तिसरी स्पेशॅलिटी रेस्टॉरंटं, स्टेक, सुशी, इटालियन वगैरे. त्यांचे पैसे वेगळे. पहिल्या क्रूझला तिसऱ्या प्रकाराचं आगाऊ पॅकेज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार रात्रींत मुख्य भोजनगृहच धड पाहून होत नाही, आणि शाकाहारी माणसाला स्टेकच्या रेस्टॉरंटात पैसे मोजून उकडलेल्या भाज्या खाव्या लागतात.

खरा निर्णय असतो तो मुख्य भोजनगृहाच्या वेळेचा. जुन्या पद्धतीत आपल्याकडच्या लग्नासारख्या दोन पंगती असतात: पहिली साडेपाच-सहाच्या दरम्यान, दुसरी आठ-साडेआठच्या. टेबल ठरलेलं, वेटर तोच, शेजारी तेच. नव्या पद्धतीत ठरावीक तासांत केव्हाही जाता येतं. रॉयल कॅरिबियन तिला 'माय टाइम डायनिंग' म्हणते, नॉर्वेजियन क्रूझ लाइन 'फ्रीस्टाइल'. ऐकायला दुसरी पद्धत सोयीची वाटते. पण सात-साडेसातला सगळेच येतात, आणि नऊजणांचं टेबल त्या वेळी मागितलं की ताटकळावं लागतं. दोघं किंवा चौघं असाल तर मोकळी वेळ घ्या. घरातली मोठी मंडळी धरून सहा-आठजण असाल तर ठरलेली पंगत बरी. तिसऱ्या रात्री वेटरला न सांगता माहीत असतं की बाबांना दह्याची वाटी लागते आणि आई बर्फाचं पाणी पीत नाही.

पहिली पंगत 'म्हाताऱ्या माणसांसाठी बरी' असं समजणं

ही चूक आमच्या एजंटानं केली आणि आम्हीही मान डोलावली. लवकर जेवण, लवकर झोप, यात गैर काय? गैर आहे ते घड्याळात. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले साडेपाच म्हणजे ठाण्यातले किंवा साताऱ्यातले दुपारचे तीन. तीन वाजता कोण जेवतं? उलट सव्वाआठची दुसरी पंगत म्हणजे आपले पावणेसहा. तीही लवकरच, पण पोट निदान तयार होत आलेलं असतं. चार रात्रींच्या सहलीत शरीर नव्या वेळेला रुळेपर्यंत परतायची वेळ येते. म्हणून भारतातून थेट सिंगापूरला जाऊन जहाजात बसणाऱ्या वयस्कर मंडळींसाठीसुद्धा मी दुसरीच पंगत सुचवते, आणि साडेपाच-सहाला बुफेत चहा-बिस्किट. मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत क्रूझवर हा प्रश्न येत नाही, घड्याळ तेच राहतं.

मधुमेह असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: वेळेतला फरक आणि जहाजावरची जेवणाची वेळ. इन्सुलिन किंवा गोळी कधी, किती, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. ताट समोर आल्यावरच इन्सुलिन घेतलं तर चालेल का, हेही विचारा; काही प्रकारांत तसं चालतं, काहींत नाही. इन्सुलिनसाठी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो बऱ्याचदा पुरेसा गार नसतो. केबिनच्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा, तो पर्याय सुचवतो.

आणखी एक. मोठ्या जहाजांवर रात्रीचे कार्यक्रम पंगतींशी जोडलेले असतात. दुसऱ्या पंगतीवाल्यांनी बहुधा आधी नाटक-गाणं पाहायचं आणि मग जेवायचं. आमच्या आईला हे फार आवडलं. जेवून खुर्चीत बसलं की तिला डुलकी लागते.

बुकिंग वेगळी, टेबलही वेगळी

एकाच घरातले लोक वेगवेगळ्या बुकिंगवर असतील तर जहाजाच्या यादीत ते परके असतात. आडनाव एक असल्यानं काही फरक पडत नाही. एजंटाला सगळे बुकिंग नंबर देऊन ते एकमेकांना जोडायला सांगा आणि जोडल्याचं लेखी उत्तर मागा. शेजारच्या केबिन मिळणं ही निराळी गोष्ट आहे, तिच्यामुळे टेबल एक होत नाही.

तरीही गोंधळ झालाच तर जहाजावर चढल्या दिवशी दुपारीच मुख्य भोजनगृहाच्या दाराशी जा. बहुतेक जहाजांवर हेड वेटर किंवा त्यांचा सहायक तिथे वेळ-टेबल बदलून द्यायला बसलेला असतो, नाहीतर स्वागतकक्षात कुठे जायचं ते सांगतात. संध्याकाळी सातला जाऊन विनंती करू नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, सासूबाईंचं काय झालं ते सांगितलं, आणि त्या हेड वेटरनं दहाजणांचं एक टेबल दुसऱ्या पंगतीला मोकळं करून दिलं. रात्री तो स्वतः सासूबाईंच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला, त्या नीट जेवताहेत ना ते पाहायला.

नुसतं 'व्हेज' म्हणून थांबणं

बाहेरच्या स्वयंपाकघरात व्हेजिटेरियन या शब्दात अंडं बसतं, चीज बसतं, आणि आग्नेय आशियातल्या पदार्थांत माशाचं सॉस नकळत आलेलं असतं. म्हणून 'इंडियन व्हेजिटेरियन, अंडं नको' असं पूर्ण सांगा. जैन जेवण हवं असेल तर ते वेगळं लिहून कळवावं लागतं, आणि ते बुकिंगच्या वेळी. जहाजावर चढून मागितलं तर स्वयंपाकघराची तयारी नसते. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असल्यामुळे डाळ-भात-रोटीची सोय बरी असते. यानंतरचं पाऊल बहुतेकांना माहीत नसतं: पहिल्या रात्री जेवण झाल्यावर हेड वेटरला थांबवून उद्याचा मेन्यू मागा. खास पथ्य असणाऱ्यांना ते मेन्यू आदल्या रात्री दाखवतात आणि तुमच्यासाठी काय वेगळं करायचं ते लिहून घेतात.

विमानातही असाच घोळ होतो. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात कोंबडी किंवा मासे येऊ शकतात. हवं असतं ते 'एशियन व्हेजिटेरियन'.

तारखा घेताना कालनिर्णय उघडा. एकादशी किंवा संकष्टी मध्येच येत असेल तर साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही हे धरून चाला. फळं, दही, दूध, उकडलेला बटाटा बुफेत मिळतं, तेवढ्यावर भागतं. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत भोजनगृह बंद झालेलं असतं, रात्री उशिरापर्यंत काय उघडं असतं ते आधी विचारून ठेवा.

बॅगेत खसखस आणि इस्त्री

घरून खाऊ नेण्याला माझा विरोध नाही, पण प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात आणि घरी केलेल्या पदार्थांना बरेचजण हरकत घेतात. दुकानातली बंद पाकिटं सहसा अडवत नाहीत. सिंगापूरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर अनारसे घरीच ठेवा, आणि खसखस घातलेला मसालाही. गुटखा, खैनी, मिश्री, ई-सिगारेट यांवरही तिथे बंदी आहे. च्युइंगगमसुद्धा नको.

इलेक्ट्रिक किटली, छोटी शेगडी, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड ही आपल्या प्रवासाची नेहमीची मंडळी. जहाजावर ती चालत नाहीत, कारण समुद्रात आग ही सगळ्यात मोठी भीती. रात्र झाली तरी एखादी बॅग केबिनच्या दाराशी आली नाही, तर ती हरवली असं समजून घाबरू नका. बऱ्याचदा ती सुरक्षा विभागात असते, आतल्या किटलीमुळे. तिथे जाऊन उघडून दाखवायची, वस्तू शेवटच्या दिवशी परत मिळते.

मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत येतात. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चष्मा, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि रात्रीच्या जेवणाचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. भोजनगृहात अर्धी चड्डी आणि रबरी चप्पल चालत नाही. साडी, सलवार-कमीज, झब्बा उत्तम. 'फॉर्मल नाइट'साठी, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीसाठी, सूट शिवून घेण्याची काहीही गरज नाही.

कागद, घड्याळ, फोन

सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येणं म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते छापील कागदावर वाचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, त्याला शुल्क नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. विमान आदल्या दिवशीचंच घ्या. विमान चार तास उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

थायलंडमधलं फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरताच फोन स्वतःची वेळ बदलतो आणि जहाज मात्र स्वतःच्या वेळेनं चालत असतं. जिन्याशी लावलेली 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ आणि जहाजाच्या घड्याळाचा फोटो काढून मगच उतरा. साधं मनगटी घड्याळ न्या. फोन विमान मोडवर ठेवा आणि जहाजाचं वायफाय लागेल तेवढंच घ्या. भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि ते आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा धरलेलं नसतं.

सुरक्षेची कवायत टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्ता कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांची मुभा देत होता. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. संकटाच्या वेळी आपलं जमण्याचं ठिकाण मुलांकडून पाठ करून घ्या.

मळमळीची गोळी डोकं गरगरायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते. कोणती, ते डॉक्टरांना विचारा, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि वयस्कर माणसांना त्या सगळ्याच मानवत नाहीत. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. केबिन निवडताना खालचा डेक आणि जहाजाचा मध्य. बुफेत शिरताना हात साबणानं धुवा. जहाजावर उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरससमोर सॅनिटायझर फारसा टिकत नाही.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा शेवटच्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात, अकराच्या सुमारास त्या उचलल्या जातात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांचे सकाळचे कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या दोन्ही बॅगेतून खाली गेले होते. आम्ही मात्र तोवर शिकलो होतो. सासूबाईंचं इन्सुलिन, ग्लुकोज आणि डॉक्टरांचा कागद त्यांच्या उशाशी होता, आणि शेवटच्या सकाळचा नाश्ता नेहमीपेक्षा लवकर बंद होतो हे आदल्या रात्रीच विचारून घेतल्यामुळे सव्वासातला आम्ही नऊजण एकाच टेबलावर होतो.