इन्क्युबेटरमधली आर्द्रता: मीटरपेक्षा वजनकाटा खरा

इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रात, अठराव्या दिवसापर्यंत जिवंत असलेली कोंबडीची पिल्लं कवचातच मरत होती. अंडी फोडून पाहिली तर पिल्लू ओलं, फुगलेलं आणि हवेची पोकळी जेमतेम. म्हणजे आर्द्रता जास्त. अंड्यातलं पाणी पुरेसं उडालंच नव्हतं. आर्द्रतेचा मीटर मात्र ५० टक्के दाखवत होता.

आधी मीटर तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घातलं, आणि झाकण मीटरसोबत घट्ट बंद पिशवीत आठ तास ठेवलं. तिथे ७५ दिसायला हवं, दिसलं ६४. आतली खरी आर्द्रता ६० च्या वर होती!

मग वजन. अठरा दिवसांत ११ ते १३ टक्के घट हवी. ६०० ग्रॅमची दहा अंडी सातव्या दिवशी ५७२, चौदाव्या दिवशी ५४४, अठराव्या दिवशी ५२८ ग्रॅमच्या आसपास भरावीत. मधे वांझ अंडं काढलं तर त्याचं मूळ वजन हिशोबातून वगळा. वजन जास्त भरलं तर पाण्याचं भांडं लहान करा, कमी भरलं तर पसरट ठेवा. पाणी किती खोल आहे याने फरक पडत नाही, पृष्ठभागाने पडतो. आर्द्रता वाढवायला हवेची भोकं मात्र कधीच बुजवू नका, पिल्लं गुदमरतात.

पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. तेव्हा अंडी फिरवणं बंद. पिल्लाने आतून टोचून कवचाला टवका पाडला की इन्क्युबेटरचं झाकण उघडायचा मोह टाळाच. आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला वळताच येत नाही.