दोन देशांमधलं वैज्ञानिक सहकार्य कसं मोजावं

दोन देशांमधलं वैज्ञानिक सहकार्य वाढलं की घटलं, हे पाहण्याची सगळ्यात हाताशी असलेली खूण म्हणजे संयुक्त पेपर, म्हणजे ज्याच्या लेखकांच्या पत्त्यांत दोन्ही देशांचा किमान एकेक पत्ता आहे असा पेपर. ही सहकार्याची खूण आहे, खुद्द सहकार्य नव्हे. कुणी उपकरण वापरायला दिलं, कुणी विद्यार्थ्याला वर्षभर प्रयोगशाळेत ठेवून घेतलं, कुणी नमुने तपासून दिले, यातलं बरंचसं लेखकांच्या यादीपर्यंत पोचत नाही. तरीही सुरुवात इथूनच करावी. या नोंदी अनेक दशकांच्या आहेत आणि तुमचा आकडा दुसरा कुणीही पुन्हा काढून पाहू शकतो.

डेटाला हात लावण्याआधी एका पानावर लिहून काढा: कोणते देश, कोणती वर्षं, कोणती विषयक्षेत्रं, कोणत्या प्रकारचे पेपर आणि मोजणी कशी करणार. शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची, कारण मोजणीची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. आकडे पाहून पद्धत निवडली, तर नकळत हवं तेच उत्तर निवडलं जातं.

समजा एका पेपरचे ४ लेखक आहेत: २ अ देशातले, १ ब मधला, १ क मधला. पूर्ण मोजणीत तिन्ही देशांना १-१ गुण मिळतो आणि एका पेपरचे ३ होतात. लेखकांच्या प्रमाणात वाटणी केली तर अ ला ०.५, ब आणि क ला ०.२५. देशांनुसार वाटणी केली तर प्रत्येकाला एक तृतीयांश. ‘आमचे शास्त्रज्ञ किती संयुक्त पेपरांत सहभागी आहेत?’ या प्रश्नाला पूर्ण मोजणी योग्य. ‘एकूण कामातला आमचा वाटा किती?’ असं विचारलं असेल तर वाटणीची मोजणी हवी. दोन्ही काढा, पण अहवालात मुख्य कोणती आणि का, ते स्पष्ट लिहा.

मोठ्या संघांचे पेपर वेगळे काढायला विसरू नका. २०१५ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर मिळून लिहिलेल्या पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं लेखक आणि संस्थांच्या यादीनेच भरली. अशा पेपरमध्ये ४० देश असतील तर पूर्ण मोजणीत एकाच पेपरमधून देशांच्या ७८० जोड्या तयार होतात. लहान देशाच्या आकड्यात असे थोडेसेच पेपर आले तरी ज्यांचा एकमेकांशी कधी पत्रव्यवहारही झाला नाही अशा देशांत ‘घनिष्ठ सहकार्य’ दिसू लागतं. म्हणून निकाल दोनदा मांडा, एकदा सगळे पेपर धरून आणि एकदा, समजा, १० पेक्षा जास्त देशांचे पेपर वगळून. दोन चित्रं वेगळी दिसली, तर तो फरक हाच तुमचा पहिला निष्कर्ष.

डेटासाठी पेपरांच्या नोंदींचे कोष वापरतात. त्यांपैकी वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस यांना वर्गणी लागते. जानेवारी २०२२ पासून उपलब्ध असलेलं ओपनॲलेक्स खुलं आहे. त्याची व्याप्ती मोठी, पण कित्येक नोंदींत संस्थेचा रकाना रिकामा असतो. रिकामा पत्ता म्हणजे ‘एकाच देशाचा पेपर’ नव्हे. असे पेपर भाजकातूनही, म्हणजे ज्या एकूण संख्येने भागता तिच्यातूनही, काढा आणि ते किती होते ते सांगा. वेब ऑफ सायन्सच्या २००८ च्या आधीच्या बहुतेक नोंदींत कोणता लेखक कोणत्या पत्त्याचा, हे जोडलेलं नाही, त्यामुळे त्या काळासाठी लेखकांनुसार वाटणी करायला जाऊ नका. इंग्रजीबाहेरची नियतकालिकं सगळीकडेच कमी पडतात; याचा फटका समाजशास्त्रं आणि मानव्यविद्यांना जास्त बसतो.

साफसफाईला एकूण वेळेतला निम्मा वेळ धरा. संशोधन-पेपर आणि समीक्षा-पेपर ठेवा. संपादकीय आणि शुद्धिपत्रं काढा. डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक, पाहून दुबार नोंदी काढा. देशांची नावं दोन अक्षरी आयएसओ कोडमध्ये आणा. वेब ऑफ सायन्समध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड वेगळे येतात. ते एकत्र केले नाहीत तर लंडन–एडिंबरा पेपर आंतरराष्ट्रीय ठरतो. जॉर्जिया हा देश आणि अमेरिकेतलं राज्य यांची गल्लत नेहमीची. १९९० पूर्वीचे दोन जर्मनी, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया यांचं काय करणार, हेही आधी ठरवा: देश फुटले तिथे एका रात्रीत अंतर्गत पेपर आंतरराष्ट्रीय झाले, जर्मनी एक झाला तिथे उलट; सहकार्य तिळभरही बदललं नव्हतं. एकाच लेखकाचे दोन देशांत पत्ते असतील तर तो एकटाही आंतरराष्ट्रीय पेपर लिहितो. असे पेपर वेगळे मोजा.

मग यादीतून यादृच्छिक १०० पेपर काढून मूळ पीडीएफशी ताडून पाहा. ८ चुकीचे निघाले, तर खरी चूक साधारण ४ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. यापेक्षा बारीक वाढीवर मोठं विधान करू नका.

नुसत्या संख्येत मोठे देश नेहमीच पुढे दिसतात. त्यावर सॉल्टनचा निर्देशांक चालतो: संयुक्त पेपर भागिले दोन्ही देशांच्या एकूण पेपरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. अ चे १०,००० पेपर, ब चे ४००, संयुक्त १००. तर १०० भागिले २,००० म्हणजे ०.०५. पण सोबत हेही लिहा की ब च्या दृष्टीने हे त्याच्या कामाचे २५ टक्के आहेत आणि अ च्या दृष्टीने १ टक्का. ब साठी जो कणा आहे तो अ च्या लक्षातही येत नसेल. धोरणासाठी ही विषमता निर्देशांकापेक्षा जास्त बोलकी असते, असं आमचं ठाम मत आहे.

वर्षांचे आकडे तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांत घ्या आणि शेवटचं अपुरं वर्ष सोडून द्या. कराराचा परिणाम तपासताना विशेष जपून. अमेरिका आणि चीन यांचा विज्ञान-तंत्रज्ञान करार १९७९ चा. त्यानंतर संयुक्त पेपर वाढले खरे, पण चीनचं एकूण संशोधनही प्रचंड वाढलं. म्हणून करार नसलेल्या किंवा वेगळ्या वेळी झालेल्या जोडीशी तुलना हवी. करार आणि पेपर यांत दोन-तीन वर्षांचा उशीरही धरावा लागतो.

‘आंतरराष्ट्रीय पेपरांना उद्धरणं (दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ) जास्त मिळतात’ हे वाक्य अहवालात घालण्याचा मोह होतो. असे पेपर बहुधा जास्त लेखकांचे असतात, आणि लेखक जास्त तितके वाचक आणि स्वतःची उद्धरणंही जास्त. एकाच विषयातले, एकाच वर्षाचे, जवळपास तितक्याच लेखकांचे पेपर शेजारी ठेवून पाहा. फरक बराच आकसू शकतो.

आकड्यांनंतर माणसांशी बोला. १५ ते २० मुलाखती पुरतात, पण दोन्ही देशांतल्या हव्यात आणि कनिष्ठ संशोधक त्यांत हवेतच. ‘सहकार्य कसं झालं?’ असं मोघम विचारलं तर शिष्टाचाराची उत्तरं येतात. एकच पेपर समोर ठेवून विचारा: पहिलं पत्र कुणी लिहिलं, पैसा कुणाचा, नमुने आणि डेटा आता कुठे आहेत, लेखकांचा क्रम कधी आणि कुणी ठरवला. प्रथम लेखक आणि पत्रव्यवहाराचा लेखक (पेपरबद्दल ज्याच्याशी संपर्क करायचा तो) कोणत्या देशातले, याचं प्रमाण आधी काढून नेलंत तर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. क्षेत्रकाम ज्या देशात झालं त्याचा एकही लेखक पुढच्या जागी नसेल, तर ते विचारलंच पाहिजे. मात्र गणितासारख्या काही विषयांत लेखक वर्णानुक्रमाने येतात. तिथे पहिल्या नावाला काही अर्थ नाही.

धोरणकर्त्यांसाठीची टिपणी दोन पानांची ठेवा: एक आलेख, दोन्ही बाजूंची टक्केवारी, मोठे संघ वगळल्यावरचा आकडा आणि तुमचा निष्कर्ष कशामुळे चुकू शकतो त्याचा एक परिच्छेद. तो परिच्छेद कापायला सांगितलं तरी ठेवा. परिशिष्टात शोधासाठी वापरलेला नेमका प्रश्न आणि डेटा उतरवून घेतल्याची तारीख द्या. हे कोष सतत दुरुस्त होत असतात आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न वेगळा आकडा देतो.